काचेआडचं बोलणं

“मग या शहरात कोणी कोणासाठी काही करायचंच नाही का, सर?”

साळवे सर गिटारला नवी तार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोला ना, सर. मी चुकीचं विचारतोय का?”

“चपला बाहेर काढ,” सर म्हणाले.

श्रेणिकने खाली पाहिलं. मग बाहेर गेला, चपला काढल्या आणि परत आला. राग तेवढाच होता.

दानियल साळवे मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते. छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिशनचं आवार आहे. तिथे पूर्वी बायकांना विणकाम शिकवत, त्या जागेतली लांबट खोली सरांकडे होती. माग कधीच गेले. आता तिथे सतरंज्या, एक जुना पियानो, दोन-तीन स्पीकर आणि भिंतीला टेकवलेल्या गिटारी असत. शनिवारी उन्हं उतरली की कोणीही यावं, गावं, वाजवावं. अट एकच होती, गाणं स्वतःचं असलं पाहिजे.

कोणी सिनेमातलं गाणं म्हटलं तर सर ते पूर्ण ऐकून घेत. मग म्हणत, “छान. आता तुझं म्हण.”

बरेच जण त्यानंतर परत येत नसत. जे येत, त्यांचे पुढे बँड होत.

श्रेणिक बोरा याच खोलीत गिटार शिकला होता. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. हात बरा होता, पण कॉलेजसाठी पुण्याला गेला आणि वाजवणं सुटलं. तिथे त्याने पाहिलं की लोक तिकीट काढून नवख्या पोरांची गाणी ऐकायला जातात, त्यांच्या नावाचे टी-शर्ट घालतात. परत आला तो हीच गोष्ट डोक्यात घेऊन. आपल्या शहरातही हे झालं पाहिजे. शनिवारच्या गाण्यांचे व्हिडिओ त्याने इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. स्वतःच्या गाडीतून स्पीकर वाहिले. हॉटेलवाल्यांच्या, कॉलेजांच्या दारात उभा राहिला. कितीतरी ठिकाणी त्याला सांगण्यात आलं की बँड म्हणजे लग्नाचा ना, मग वरातीला बोलावू. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा जायचा.

हे सगळं खरं होतं. सरांनाही ते माहीत होतं.

“खडीला मी शोधून काढलं, सर,” श्रेणिक म्हणाला. “आज यास्मिन माझा फोन उचलत नाही.”

“कुठून काढलंस?”

“काय?”

“शोधून.”

श्रेणिक थबकला.

“…इथूनच. या खोलीतून.”

सर तार पिळत राहिले.

खडी हा तिघांचा बँड. सुमेध गिटार वाजवायचा, त्याचा चुलतभाऊ ड्रम, आणि यास्मिन तांबोळी गाणी लिहायची, गायची. यास्मिनचा आवाज गोड नव्हता. जरा घासलेला होता, म्हणूनच बँडचं नाव खडी पडलं. तिची आई शहराच्या तळ्याकाठी शेगडी मांडून कणसं भाजायची. तिथेच यास्मिन वाढली, तिथेच अभ्यास केला. मग तळ्याभोवती बाग झाली. दिवे लागले, रंगीत फरशी आली, लोखंडी कुंपण आलं. शेगड्या उठवल्या. यास्मिनची आई आता एसटी स्टँडच्या मागच्या गेटला बसते. तिथे धूर कणसाचा कमी आणि गाड्यांचा जास्त.

यास्मिनने त्यावर एक गाणं केलं. त्यात कोणाचं नाव नव्हतं.

तळ्याला घातलंत कुंपण,
पाण्यातल्या आभाळाला काय घालाल?
अम्मीच्या शेगडीची राख
अजून काठावर गरम आहे…

ते तिने पहिल्यांदा याच खोलीत म्हटलं, तेव्हा बराच वेळ कोणी टाळी वाजवली नव्हती. श्रेणिकने त्याचा व्हिडिओ टाकला. तो शहरभर फिरला. रिक्षावाल्यांच्या मोबाइलवर वाजला. खडीला नाशिकहून, पुण्याहून बोलावणी आली.

आणि यंदा शहराच्या महोत्सवातही बोलावलं.

मोठं मैदान, मोठा मंच. मुंबईची नावाजलेली गायिका येणार होती आणि तिच्याआधी गावातला बँड. असं याआधी कधी झालं नव्हतं. श्रेणिक त्या आठवड्यात झोपलाच नसेल. ज्या हॉटेलवाल्याने त्याला वरातीबद्दल विचारलं होतं, त्याला त्याने मुद्दाम पुढच्या रांगेचा पास नेऊन दिला.

काल तो कार्यक्रम झाला.

खडीने पहिली गाणी म्हटली. लोक सावकाश गप्प झाले, मग डोलायला लागले. यास्मिन पाणी प्यायली आणि तिने तळ्याचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीचे दोन शब्द आले… आणि आवाज गेला.

ड्रम ऐकू येत होते. गिटारही अस्पष्ट ऐकू येत होती. फक्त यास्मिनचा माइक मेला होता.

तिने माइकवर बोट आपटलं. साउंडवाल्याकडे पाहिलं. साउंडवाला खाली मिक्सरकडे बघत बसला. मग तिला कळलं.

ती थांबली नाही. सगळं गाणं म्हटलं. हजारो माणसांसमोर एक मुलगी तोंड उघडत होती, मान मागे टाकत होती, मुठी वळत होती, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. आधी लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. मग कोणी शिट्टी मारली. मग खूप शिट्ट्या. कोणी ओरडलं, “मुकं गाणं, मुकं गाणं,” आणि हशा पिकला. तिने शेवटची ओळ म्हटली, वाकून नमस्कार केला आणि खाली उतरली. निवेदक हसत पुढे आला आणि तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत म्हणाला. मुंबईच्या गायिकेसाठी दिवे बदलले.

सर त्या गर्दीत मागे उभे होते. त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

आज दुपारी श्रेणिक त्यांच्यासमोर होता.

“ती मंचावरून सरळ उतरून गेली, सर. रिक्षात बसली. मला एक शब्द नाही. आज सकाळी सुमेधचा निरोप आला, आमचे सगळे व्हिडिओ काढून टाक. का? मी काय केलं? मी त्यांना एवढ्या माणसांसमोर नेलं. आता पुढच्या वर्षी इथल्या कुठल्याही बँडला कोणी बोलावणार नाही. ते आयोजक नालायक आहेतच. पण हे लोक? एक मुलगी जीव तोडून गातेय आणि हे शिट्ट्या मारतात? या गावाला गाणं नकोच आहे, सर. यांना फक्त गोंगाट पाहिजे.”

सरांनी नवी तार छेडून पाहिली.

“तुम्ही तिला समजवा. ती तुमचं ऐकते.”

सरांनी गिटार भिंतीला टेकवली.

“तुझं सगळं सांगून झालं?”

“नाही.”

“मग आत जा.”

खोलीच्या कोपऱ्यात काचेची एक लहान खोली होती, रेकॉर्डिंगसाठी केलेली. ती श्रेणिकनेच उभी करून दिली होती. आतून भिंतींना गाद्या, जाड दुहेरी काच. दार लावलं की बाहेरून जाणारा ट्रकसुद्धा ऐकू येत नसे. आत एक स्टूल होतं, समोर माइक आणि वर पिवळा दिवा. बाहेर बसून ऐकणाऱ्यासाठी हेडफोन.

“माइकसमोर बस,” सर म्हणाले. “जे आहे ते सगळं सांग. मध्ये कोणी तोडणार नाही.”

श्रेणिकला ते चमत्कारिक वाटलं. पण सरांनी काही सांगितलं की विचारायचं नसतं, ही सवय लहानपणापासूनची. तो आत गेला. सरांनी दार लावलं, दिवा लावला, बाहेर खुर्ची ओढली आणि हेडफोन कानांवर चढवले. मग काचेतून त्याच्याकडे बघत मान हलवली. बोल.

श्रेणिक बोलू लागला.

आयोजकांना शिव्या देऊन झाल्या. शिट्ट्या मारणाऱ्यांना देऊन झाल्या. पुण्यात लोक कसे ऐकतात ते सांगून झालं. वडील दुकानात सगळ्यांसमोर विचारतात की हे गाण्याबजावण्याचं खूळ कधी उतरणार, तेही बोलून झालं. समोर सर टक लावून ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. इतकं नीट श्रेणिकचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

आणि मग, सांगायचं ठरवलं नव्हतं ते तो बोलून गेला.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी आयोजकांनी त्याला ऑफिसात बोलावलं होतं. चहा दिला. बाग बांधणारे शेठ हेच मुख्य प्रायोजक आहेत, ते पुढच्या रांगेत बसणार आहेत, असं गोड बोलून सांगितलं. तळ्याचं गाणं तेवढं नको. बाकी तुमच्या मुलांनी काहीही म्हणावं. श्रेणिकने थोडा वेळ मनात घोळवलं आणि मग सांगितलं, नाही म्हणणार ती. माझा शब्द.

यास्मिनला त्याने हे सांगितलं नाही. सकाळी सांगू म्हणाला, मग दुपारी. तालीम चालू होती, सगळे खुशीत होते. मग मंचाच्या पायऱ्यांशी सांगू. तिथे तर दिवेच लागले. शेवटी त्याने मनाशी म्हटलं, वेळ कमी पडेल, त्या गाण्यापर्यंत ती पोहोचणारच नाही.

तिने ते सुरू केलं तेव्हा आयोजकांचा माणूस त्याच्याकडे बघत होता. श्रेणिकने नजर वळवली होती.

हे सगळं त्याने माइकसमोर सांगितलं. डोळे पुसले. छाती हलकी झाली. तो उठला, दार उघडून बाहेर आला आणि सरांसमोर सतरंजीवर बसला.

“आता तुम्हाला सगळं कळलंय, सर. आता जे म्हणाल ते.”

“काय कळलंय?”

“आत्ता बोललो ते.”

“मला काही ऐकू आलं नाही.”

सरांनी हेडफोन काढले. त्यांच्या वायरचं टोक उचलून वर धरलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

श्रेणिक ताडकन उठला.

“तुम्ही मान हलवत होतात.”

“हो.”

“मी आत… सर, मी कोणालाही सांगितलं नाही ते बोललो. आणि तुम्ही काचेमागे नुसते बसून राहिलात? ही काय थट्टा आहे? एवढा वेळ माणूस तळमळून बोलतोय, आणि तुम्ही…”

“दिवा होता,” सर म्हणाले. “माइक होता. बसायला स्टूल होतं. मी समोर होतो.”

“त्याचा काय उपयोग?”

“का? मंच मिळाला ना तुला.”

बाहेर आवारात कोणीतरी झाडत होतं. खराट्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

श्रेणिकला आता तेच सगळं पुन्हा सांगायचं होतं, काच मध्ये नसताना, आणि ते आत सांगण्यापेक्षा कितीतरी जड होतं. मघाशी त्यात चहा होता, ऑफिस होतं, उशीर होता, दिवे होते. आता एवढंच निघालं:

“मी तिच्या वतीने शब्द दिला होता. तिला न विचारता.”

सर उठून उभे राहिले. त्यांना चिडलेलं श्रेणिकने कधी पाहिलं नव्हतं. मान ताठ झाली होती. पण आवाज चढला नाही.

“हे मला का सांगतोस? गाणं माझं होतं का?”

त्याच दिवशी तो एसटी स्टँडच्या मागच्या गेटला गेला. यास्मिन आईशेजारी बसून कणसं सोलत होती. आईने त्याला पाहून पोतं पसरलं, बस म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. मुलीचा माइक बिघडला एवढंच कळलं होतं. तिने एक कोवळं कणीस निवडून त्याच्यासाठी निखाऱ्यावर ठेवलं.

श्रेणिकने तिथेच, आईच्या देखत सांगितलं. पाठीमागे गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, त्यामुळे काही शब्द दोनदा सांगावे लागले.

यास्मिन सोलत राहिली.

“माइक त्यांनी बंद केला ते मला समजतं, दादा,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना ते गाणं टोचतं. टोचावं म्हणूनच केलंय. पण तू मला का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो.”

तिने सोललेलं कणीस बाजूला ठेवलं. “म्हणूनच नाही विचारलंस.”

श्रेणिकने मान खाली घातली.

“मी नाही म्हटलं असतं, म्हणजे तुला जाऊन त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. तेवढं तुझ्याच्याने झालं नाही. आणि तिथे मी वेड्यासारखी तोंड उघडझाप करत उभी. लोक हसत होते, दादा. माझ्या अम्मीच्या शेगडीवर हसत होते, त्यांना माहीतही नव्हतं कशावर हसतोय ते.”

आईने भाजलेलं कणीस लिंबू-मीठ लावून पुढे केलं. श्रेणिकने घेतलं, पण त्याला ते खाता आलं नाही. ती निखारे सारखे करत राहिली.

व्हिडिओ त्याने काढून टाकले. त्याच रात्री इंटरनेटवरच्या आपल्या पानावर सगळं खरं लिहिलं. कोणी काय मागितलं, आपण काय कबूल केलं, कोणाला अंधारात ठेवलं. कोणाचं नाव वाचवलं नाही, स्वतःचंही नाही.

गावात गडबड उडाली. महोत्सवाच्या लोकांनी त्याच्या वडिलांना फोन केले. वडील त्याच्याशी बोलेनासे झाले. दुकानात तो समोर आला की ते कापड मोजत बसायचे. काही जणांनी त्याला गद्दार म्हटलं. पण बाकीच्यांनी शाबासकी दिली. असं कबूल करायला हिंमत लागते, असे तरुण पाहिजेत, असं खूप लोक लिहीत होते. श्रेणिक ते सगळं वाचत होता. वाचता वाचता त्याची मान पुन्हा थोडी वर आली, आणि राग दुपटीने वर आला. आता तो कसा शुद्ध होता. आता तो हक्काने चिडू शकत होता.

यास्मिनने त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, पण कामापुरतंच ठेवलं. शनिवारी खडी सरांच्या खोलीत गाणार हे तिने सुमेधकरवी कळवलं. तळ्याचं गाणं म्हणणार होती.

त्या शनिवारी खोली भरून गेली. सतरंज्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांबाहेर उभे राहिले. कॉलेजची मुलं होती. बायको-मुलांना घेऊन आलेला एक कारकून होता. जे पूर्वी कधी आले नव्हते असे बरेच होते. त्यातले काही त्या दिवशी मैदानातही असणार. आणि पहिल्यांदाच यास्मिनची आई आली होती. तिने मुलीचं गाणं आजवर फक्त मोबाइलवर ऐकलं होतं. संध्याकाळच्या गाड्यांच्या आधी, शेगडी शेजारणीवर सोपवून ती आली होती. हात धुतले होते, तरी त्यांना धुराचा वास येत होता. ती दाराशी बसली.

सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे.

खडीने वाद्यं लावली. यास्मिन पुढे येणार तेवढ्यात श्रेणिकने माइक घेतला. दोनच शब्द बोलतो, म्हणाला.

तो बोलायला लागला. सभ्य माणसाच्या अंगावर काटा यावा असं बोलला. ज्यांनी माइक बंद केला त्यांना त्याने भेकड म्हटलं. ज्यांनी बंद करायला सांगितलं त्यांना चोर म्हटलं. तळं चोरलं आणि आता तळ्याचं गाणं चोरता. ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांना विचारलं, तुमच्या घरात मुली नाहीत का? मग जे कधीच येत नाहीत त्यांच्याकडे वळला. हॉटेलवाले, कॉलेजवाले, पेपरवाले. या शहराने स्वतःच्या पोरांचं एक गाणं कधी धड ऐकलं नाही, त्याने सांगितलं. घसा ताणून सांगितलं. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

एकही शब्द खोटा नव्हता.

समोर बसलेले मात्र हळूहळू खाली बघू लागले. ते तर आले होते. कारकुनाचा लहान मुलगा रडायला लागला, तशी बायको त्याला घेऊन बाहेर गेली. कॉलेजच्या मुलांनी आधी टाळ्या वाजवल्या होत्या, आता ती मोबाइल बघत होती. सुमेधने गिटार मांडीवरून खाली ठेवली. यास्मिन भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर श्रेणिकवर नव्हती, दारावर होती.

दारात तिची आई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. उन्हं पार उतरली होती. जालन्याची गाडी लागायची वेळ झाली होती आणि शेजारणीला स्वतःचा गाडा होता. ती कोणाला काही म्हणाली नाही. लेकीकडे पाहून तिने हाताने खूण केली, राहू दे, मी निघते.

श्रेणिकने ते पाहिलं.

त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्याने माइक खाली ठेवला. उचलून यास्मिनच्या हातात द्यावा एवढंही त्याला सुचलं नाही. यास्मिनने तो घेतला नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि माइकशिवाय, ड्रमशिवाय म्हणायला लागली.

तळ्याला घातलंत कुंपण…

आईचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. ती तशीच थांबली. खोली तशीच थांबली. पुढे सुमेधने हलकेच गिटार धरली. यास्मिन आईकडे बघूनच गात होती, राखेच्या ओळीवर तिचा आवाज फाटला आणि तिने तो तसाच राहू दिला. खिडकीबाहेरची माणसं आणखी जवळ सरकली. एक जाडजूड तरुण होता, तो मान खाली घालून दोन्ही हातांनी चेहरा चोळत होता. का, हे कोणी त्याला विचारलं नाही.

शेवटची ओळ झाली. टाळ्या पडायच्या आत आई निघून गेली होती. फाटकाबाहेर ती झपाझप चालत स्टँडकडे जाताना दिसली, पदर तोंडाशी धरलेला.

लोकांनी ते गाणं पुन्हा मागितलं. खडीने पुन्हा म्हटलं. मग आणखी गाणी झाली. एका कॉलेजच्या मुलीने सरांना विचारलं, पुढच्या शनिवारी मी माझं आणू का? सर म्हणाले, आण.

श्रेणिक काचेच्या खोलीला पाठ लावून बसला होता. लोक पांगले, वाद्यं आवरली गेली, यास्मिन जाताना त्याला “येते, दादा” म्हणाली. त्यावरही त्याने फक्त मान हलवली.

सर खिडक्या लावत होते.

“मी तिच्या आईला उशीर केला,” तो म्हणाला.

“हं.”

“ती ऐकल्याशिवाय गेली असती, तर मी स्वतःला…” त्याने वाक्य सोडून दिलं आणि म्हणाला, “पण मी बोललो ते खरं होतं, सर.”

“खरं होतं.”

“त्यांनी केलं ते वाईटच होतं.”

“वाईटच.”

“लोकांनी चिडायला पाहिजे.”

“पाहिजे.”

“मग मी काय करू? माझा राग जात नाही, सर. सोडून देऊ का तो?”

सरांनी शेवटची खिडकी लावली. कडी घातली. मग पियानोपाशी आले, उभ्या उभ्याच एक पट्टी दाबली, आणि तो सूर विरेपर्यंत थांबले.

“सोडू नकोस,” ते म्हणाले. “खालच्या पट्टीत घे. सगळ्यांना गाता आला पाहिजे.”